कोणी कोणाला आणलं

"तहान लागली म्हणून सांगूं नको गे. सांगितली की ती वाढत्ये."

सासूबाईंचा हा आवाज कमलाक्षीला वल्लमच्या लाल उतारावर ऐकू आला, तेव्हा तिची बोटं ब्रेकवर आवळलेली होती आणि जीभ टाळूला चिकटली होती. सासूबाई, म्हणजे वेंकूबाई, जाऊन पुष्कळ वर्षं झाली. लग्नानंतरच्या पहिल्याच एकादशीला त्यांनी नव्या सुनेला तेवढं एक सांगितलं होतं, आणि सुनेनं ते आजवर मोडलं नव्हतं. एकादशीला अन्न नाही, फळ नाही. सकाळी तीर्थाची एक पळी, त्यानंतर पाण्याचा थेंब नाही. आणि त्याचा बोभाटाही नाही.

पुढे वरलक्ष्मीची सायकल निलगिरीच्या बुंध्यांमधून वळणं घेत चालली होती. "डावीकडं दगड आहे, आत्या," ती मान न वळवता म्हणाली, आणि कमलाक्षीनं हँडल हलकेच उजवीकडं घातलं.

शर्यत सहा तासांची होती. तिरुच्चीच्या सायकलवाल्या मंडळींनी तंजावरजवळच्या वल्लमच्या माळावर एक वाट आखली होती. निलगिरीच्या रानातून खाली, मग कोरडा वाळूचा ओढा, मग जांभ्या दगडाची पडीक खाण, आणि खाणीतून वर यायचा उभा चढ. चढाच्या माथ्यावर बांबूची कमान. सहा तासांत जमतील तेवढ्या फेऱ्या घालायच्या, पण जोडीनं. कमानीखालून दोघांनी बरोबर जायचं. एकजण मागे राहिला तर दुसऱ्यानं थांबायचं, आणि एकानं सोडली तर शर्यत दोघांचीही संपली.

आलेल्या जोड्यांत बहुतेक कॉलेजातले मुलगे होते. कुंकवावर हेल्मेट घातलेली, चुडीदारावर मुलाचे जुने बूट चढवलेली कमलाक्षी पाहून त्यांतल्या एकानं अदबीनं तमिळमध्ये सांगितलं होतं, "पाट्टी, पाहणाऱ्यांना बसायची सोय त्या झाडाखाली आहे."

"ह्या आजीच्या मागं राहू नका," वरू त्याला तमिळमध्येच म्हणाली होती, "धूळ खाल."

धूळ कोणी कोणाची खाल्ली हे सांगायला नको. मुलगे पहिल्याच फेरीत दिसेनासे झाले. पण कमलाक्षीला त्याचं काही वाटलं नाही. ती कधीच वेगानं गेली नव्हती. सरकारी आरोग्यसेविका म्हणून तिचं सगळं आयुष्य तिरुवैयारूच्या आसपासच्या खेड्यांत गेलं होतं. कालव्याच्या बांधावरून सायकल न्यायची, ताप पाहायचा, लसी टोचायच्या, बाळंतिणीच्या उशाशी बसायचं. बरोबरीच्या सगळ्याजणींनी मोपेड घेतल्या, ती सायकलवरच राहिली. मोपेडवरून गेलं की बायका दारातून हाक मारत नाहीत, असं ती म्हणे. दिवसभर एकाच लयीत पाय मारत राहणं, एवढंच तिला येत होतं.

वरलक्ष्मी तिच्या धाकट्या भावाची, बाळकृष्णरावांची मुलगी. पापनाशमला राहणारी. लहानपणी तिला फिट येत. एकदा शाळेच्या मैदानावर, एकदा देवळाच्या पायरीवर. गोळ्या लागू पडल्या. दहावीनंतर एकदाही फिट आली नव्हती. डॉक्टर म्हणत, गोळ्या वेळेवर घ्या, पाणी भरपूर प्या, झोप नीट होऊ द्या आणि खुशाल जगा. पण बाळकृष्णरावांच्या मनातून ती देवळाची पायरी जात नव्हती. कॉलेजला मुलगी भावाबरोबर गेली, परीक्षेला आईबरोबर, लग्नकार्याला सगळ्यांबरोबर. एकटी ती गल्लीच्या टोकापर्यंतही कधी गेली नव्हती. सायकल तेवढी तिला मिळाली, कारण सायकलवर बरोबर आत्या होती. आत्या नर्स. आत्याच्या हाती मुलगी म्हणजे दवाखान्यात असल्यासारखीच.

दोघींनी दोन वर्षं सराव केला. तंजावरच्या सपाटीला चढ कुठला? कमलाक्षीचे यजमान कृष्णमूर्ती निवृत्त शिक्षक. बायको रविवारी सकाळी सायकल काढताना दिसली की वर्तमानपत्राआडून विचारत, आज कोणता हिमालय, रेल्वेवरचा पूल की बसस्टँडाजवळचा? मग आडी महिन्यातला, म्हणजे आषाढाच्या सुमाराचा, पश्चिमेचा वारा आला आणि दोघींना डोंगर सापडला. त्या वाऱ्याच्या तोंडाला कालव्याच्या बांधावरून सायकल चालवायची, म्हणजे चढच. एक पुढे राहून वारा छातीवर घेई, दुसरी तिच्या चाकाला चाक लावून मागे राही. पुढे नेहमी कमलाक्षी असे. वरू म्हणे, आता मी येते पुढं. आणि कमलाक्षी म्हणे, नंतर, नंतर.

एवढ्यात वरूला कोइंबतूरला मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. राहायला मुलींचं वसतिगृह. आई, वसुमती, मनातून राजी होती, पण नवऱ्यासमोर बोलणारी नव्हती. बाळकृष्णरावांनी पानाला चुना लावता लावता निकाल दिला. "ती सहा तासांची शर्यत आहे ना तुमची? उन्हातान्हात ती धडपणी पार कर. मग पाहूं."

कमलाक्षीला भावाचा 'पाहूं' ठाऊक होता. पण वरूनं तो शब्द गाठीला बांधून घेतला. तिच्यासाठी ही शर्यत म्हणजे कोइंबतूर होती. आत्याशिवाय तिला शर्यतीत उतरायची परवानगी नव्हती, आणि आत्यानं मध्येच सोडली तर तिचीही संपत होती. एवढं सगळं ह्या जोडीवर होतं.

आणि त्यातच एक चूक झाली. शर्यतीचा रविवार पक्का करताना कमलाक्षी आरोग्यकेंद्रात होती. भिंतीवर रोज एक पान फाडायचं तमिळ कॅलेंडर होतं, त्यात एकादशी शनिवारी होती. रविवारी पहाटे पारणं करून शर्यतीला जाऊ, असा हिशेब तिनं मनाशी धरला. पण त्यांच्या घरची एकादशी भिंतीवरच्या कॅलेंडरानं ठरत नाही, ती घराण्याच्या मठाच्या पंचांगानं ठरते. पहाटेच्या वेळी दशमी शिल्लक असली तर मठाला ती एकादशी चालत नाही. उपास दुसऱ्या दिवशी. हे तिला लहानपणापासून पाठ होतं, आणि नेमकं ह्याच वेळी पंचांग उघडून पाहायचं राहिलं. शुक्रवारी भावाचा फोन आला तेव्हा कळलं.

"अक्का, एकादशी उद्यां नव्हे, रविवारी," बाळकृष्णराव म्हणाले होते. आणि मग जरा सुटल्यासारखं, "म्हणजे शर्यतीचं राहिलंच की."

"राहत नाही," ती म्हणाली. "उपासही होईल, शर्यतही होईल."

 मग भावाच्या आवाजात अभिमान उतरला. अक्का म्हणजे अक्काच, निर्जळ राहून खेडी पालथी घालणारी; तिला सहा तास म्हणजे काय. पापनाशमच्या मठात अक्काची एकादशी ही सांगायची गोष्ट होती, आणि ती सांगायला बाळकृष्णरावांना आवडे.

वरूला ह्यातलं काही माहीत नव्हतं. गोळ्यांमुळे तिला उपास नव्हता, म्हणून तिथी तिला कोणी सांगतही नसे. शनिवारी संध्याकाळी ती तंजावरला आली तेव्हा आत्या जेवली नाही. दशमीला रात्री जेवत नाहीत. वरूला वाटलं, एकादशी आहे. सकाळी आत्या देवघरातून बाहेर आली. वरूला वाटलं, पारणं झालं. कमलाक्षीनं तिची समजूत तशीच राहू दिली. सांगितली की वाढत्ये.

पहिल्या फेऱ्या नामस्मरणात निघाल्या. एक पाय खाली, कृष्ण. दुसरा पाय खाली, कृष्ण. सूर्य वर आला, जांभा तापू लागला. खाणीत वारा नव्हता. चहूबाजूंच्या लाल भिंती उष्ण श्वास टाकत होत्या. कमलाक्षीच्या ओठांवर धूळ वाळून फुटली. घाम येईनासा झाला. ह्याचा अर्थ काय हे इतर कोणाच्या बाबतीत तिला लगेच कळलं असतं. ऊस तोडणाऱ्या बायकांना ती सावलीत ओढून बसवत असे, रागावत असे. स्वतःला मात्र तिनं एवढंच सांगितलं, आणखी एक फेरी.

ओढ्याच्या वाळूत चाक रुतलं तेव्हा तिला वाटलं, वाळू पांढरी का दिसते आहे. मग ती वाळूतच बसलेली होती आणि सायकल तिच्या पायांवर होती.

वरू परत फिरून आली. सायकल बाजूला केली, आत्याचं हेल्मेट काढलं, मनगट धरलं. सगळं आत्याकडूनच शिकलेलं. मग तिनं कमलाक्षीच्या सायकलची बाटली ओढली. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

वरू त्या बाटलीकडे पाहत राहिली. मागून एक जोडी आली, "मदत हवी का?" म्हणून थबकली, वरूनं हातानंच नको म्हटलं.

"एकादशी काल झाली ना?"

"कॅलेंडरात काल. मठाच्या पंचांगात आज."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय झालं असतं? तुझी शर्यत राहिली असती."

वरू उठली. स्वतःच्या सायकलला लावलेली बाटली तिनं काढली. अर्धी भरलेली होती. ती तिनं आत्याच्या बाटलीशेजारी वाळूत नीट उभी करून ठेवली, देवापुढं नैवेद्य ठेवावा तशी, आणि स्वतः समोर मांडी घालून बसली.

"मग मीपण नाही पीत."

कमलाक्षीनं आधी समजावलं, मग दटावलं. तुला पाणी कमी पडून चालत नाही, हे काय तुला सांगायला हवं? डॉक्टरांनी काय सांगितलंय? वरू ऐकून घेत होती. चेहरा उन्हानं लाल झाला होता, आवाज मात्र अगदी खाली होता.

"आत्या, मला काय झालं तर पाहायला तू आहेस, म्हणून मला सोडलं. तुला काय झालं तर पाहायला कोण आहे? मीच आहे की नाही? की मी कोणी नव्हेच? तू पडलीस, मी तुला पाहिलं. आता मी म्हणते, पाणी पी. रोज तू सांगतेस, मी पिते. एक दिवस मी सांगते, तू पी."

कमलाक्षीनं त्या पोरीकडे पाहिलं. वाऱ्याच्या तोंडाला सायकल चालवताना हिला एकदाही पुढे येऊ दिलं नव्हतं. भाऊ भिऊन धरून ठेवत होता, आणि आपण मायेनं. मुलगी मात्र दोन्हीकडून धरलेलीच. आज पहिल्यांदा तिच्या हाती कोणाचं तरी मनगट आलं होतं, आणि तिनं ते नीट धरलं होतं.

व्रत कोणासाठी करतो आपण? हा प्रश्न तिनं कधी विचारला नव्हता, आणि आता विचारायला सवड नव्हती. समोर एक मूल उन्हात तहानलेलं बसलं होतं. खेड्यातल्या कुठल्याही ओसरीवर तिनं ह्यावर एक क्षण विचार केला नसता.

तिनं डोळे मिटले, बाटली कपाळाला लावली, "कृष्णार्पण" म्हटलं आणि पाणी प्याली. पाणी कोमट होतं, प्लॅस्टिकचा वास होता. डोळ्यांतून पाणी आलं ते कशानं, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. बाटली खाली ठेवून ती म्हणाली, "आतां तू." वरू प्याली. मग वरूनं खिशातून मिठाची पुडी काढून उरलेल्या पाण्यात घातली आणि बाटली पुन्हा पुढे केली. कमलाक्षीनं तेही निमूट घेतलं. अन्न मात्र नको म्हणाली, आणि वरूनं ते ऐकलं.

सावलीत बराच वेळ काढून दोघी उठल्या. त्यानंतरच्या फेऱ्या शर्यतीच्या नव्हत्याच. वरू पुढे राही, मागे वळून पाही, कमानीखाली थांबे, पाणी पाजी, पुन्हा निघे. बरोबर आलेले कृष्णमूर्ती पाहणाऱ्यांच्या झाडाखालून वर्तमानपत्र हलवत. कमलाक्षी पाय मारत राहिली. आपण थांबलो तर हिची संपते, एवढंच एक तिच्या डोक्यात शिल्लक होतं.

शेवटच्या फेरीत खाणीच्या चढावर तिच्या पायांनी नकार दिला. मांडीत गोळा आला, सायकल जागच्या जागी डुलली. वरू शेजारी आली. एका हातानं स्वतःचं हँडल धरलं आणि दुसरा तळवा आत्याच्या पाठीवर ठेवला. जोडीदाराला असं ढकलायला नियमात मुभा होती. वरू ढकलत राहिली. तो तळवा पाठीच्या कण्यावर होता, गरम, आणि जराही थरथरत नव्हता. चढाच्या मध्यावर वरूला श्वास पुरेना; तरी हात निघाला नाही.

"वरू," कमलाक्षी म्हणाली, "कोणी कोणाला आणलं ते मी तुझ्या अप्पाला सांगेन."



"पाण्याचंही?" वरूनं विचारलं.

"पाण्याचंही. त्याशिवाय ते कसं कळायचं?"

कमानीखालून त्या गेल्या तेव्हा टाळ्या वाजवायला फार माणसं उरली नव्हती. मंडपाचे खांब उपटायला सुरुवात झाली होती. तो सकाळचा मुलगा आपली सायकल गाडीत चढवत होता. त्यानं ती तशीच सोडून हात जोडले आणि पाट्टीला खुर्ची आणून दिली.

संध्याकाळी दिवा लावून कमलाक्षी बसली होती, तेव्हा बाळकृष्णरावांचा फोन आला. शर्यत पार पडल्याचं कृष्णमूर्तींनी त्यांना कळवलं होतं. पाण्याचं सांगणं आपलं नव्हे म्हणून ते तेवढ्यावरच थांबले होते. भाऊ उत्साहानं बोलत होता. मठात सगळ्यांना सांगितलं म्हणे त्यांनी. निर्जळ एकादशी आणि सहा तास सायकल, असं घराण्यात कोणी केलं नाही. उद्या पारण्याला तिथं तिचंच नाव निघणार.

"आणि वरूचं?" तिनं विचारलं.

"वरूचं काय? तू होतीस म्हणून झालं, अक्का. कोइंबतूरला तू असणार आहेस का?" मग नेहमीच्या सुरात, "पाहूं."

वरू खोलीच्या दुसऱ्या टोकाला मातीनं लाल झालेले मोजे चोळत होती. फोनमधला आवाज तिथवर जात होता. तिनं मान वर केली नाही, काही आठवणही करून दिली नाही. मोजे मात्र ती पुन्हा पुन्हा त्याच जागी चोळत राहिली.

कमलाक्षीच्या ओठांवर शब्द आले होते. पण फोनवर सांगितलं असतं तर ते भावाच्या एकट्याच्या कानात राहिलं असतं. त्यानं ते तिथंच पुरून टाकलं असतं, अक्काची अब्रू म्हणून. आणि मठात अक्काची गोष्ट तशीच फिरत राहिली असती, वरूच्या डोक्यावरून.

"बाळू, मी उद्यां सकाळी येत्यें," ती म्हणाली. "पारण्याला मठातच येत्यें."

बाळकृष्णरावांना फार आनंद झाला.

पहाटे ती उठली तेव्हा मांड्या लाकडासारख्या झाल्या होत्या. स्नान केलं, पूजा केली. देवापुढं ती रोजच्यापेक्षा जास्त वेळ बसली नाही. जे झालं ते त्याला कालच अर्पण करून झालं होतं. तीर्थ घेतलं, पण पारणं केलं नाही. वरू गाढ झोपली होती. तिची सकाळची गोळी आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवावा म्हणून कमलाक्षीनं हात पुढे केला, आणि मागे घेतला. गोळ्यांची डबी वरूच्या पिशवीत होती. तिची ती घेईल.

अंगणात कृष्णमूर्ती उभे होते. त्यांनी बसच्या वेळा सांगितल्या. पाय चालत नाहीत, आज तरी बसनं जावं, असं ते दोनदा म्हणाले. मग सायकलची चाकं दाबून पाहिली आणि हवा भरायला बसले. काय सांगायला चालली आहे ते त्यांना ठाऊक होतं.

"ऐकून कोणी पंगतीत पान मांडलं नाही तर?" पंप मारताना त्यांनी खालमानेनंच विचारलं.

"म्हणूनच लौकर निघत्यें," ती म्हणाली. "पानं मांडायच्या आधी सांगायला हवं. जेवून मग सांगणं बरं नव्हे."

तिनं निऱ्या आवरून घेतल्या, सायकल हातानं ढकलत दाराबाहेर काढली. पहिल्या पावलाला मांडीत कळ आली. ती थांबली, श्वास घेतला आणि चढली. रस्त्यावर अजून सडे पडत होते. ओळखीची एक बाई हातातलं रांगोळीचं पीठ तसंच धरून म्हणाली, "इतक्या सकाळी कुठं गे?"

"पापनाशमला," कमलाक्षी म्हणाली, आणि आपल्या एकाच लयीत पाय मारत मोठ्या रस्त्याकडे वळली.